धूर पश्चिमेला जातो

१२ फेब्रुवारी १९९५

फौजेत गाडीचं लॉगबुक रोज भरायचो, पण स्वतःचं असं काही लिहायला कधी बसलो नाही. आज बसलोय, कारण आज सांगलीत भर चौकात माझा पाणउतारा झाला आणि तो मी विसरणार नाही.

विश्रामबागेत पोलीस हवालदारानं शिट्टी मारून जीप बाजूला घ्यायला लावली. तोही हवालदार, मीही हवालदार, फरक एवढाच की मी रिटायर. म्हणाला, काका, वीटभट्टी घेऊन फिरताय का. चहाच्या गाड्यावरची चार रिकामटेकडी माणसं दात काढून हसली. मग त्यानं मला समजावून सांगितलं की मार्चअखेर पासिंग आहे, त्याच्या आत धुराच्या चाचणीचा दाखला घ्या, नाहीतर गाडी दारात उभी करून तिला हार घाला.

एकवीस वर्षं मी फौजेच्या गाड्यांत काढली. शेवटची आठ वर्षं गॅरेजचा मुख्य मीच. मी नुसतं बोट दाखवलं की दहा मेकॅनिक गाडीखाली शिरायचे. आणि डिझेलच्या धुराचं ज्ञान मला हा देणार. येतानाच ठरवलं की जीप कुठल्या मिस्त्रीच्या दारात न्यायची नाही. घरीच, माझ्या हातानं नीट करीन.

गाडीत तसा दोष काही नाही. गेल्या महिन्यात दंडोबाच्या चढाला ओढेना म्हणून मी इंजिनाच्या डिझेल पंपाचं सील तोडून डिझेलचा पेच थोडा आत घेतला. तेव्हापासून बैलासारखी ओढते. काळा धूर मात्र कशानं येतो ते शोधायला पाहिजे.

१४ फेब्रुवारी

जागा पक्की केली. घराच्या मागच्या अंगणात लिंबाची सावली आहे, तिथं जीप उभी केली. तोंड घराकडं, सायलेन्सर पश्चिमेकडं. सकाळपासून दुपारपर्यंत वारा पूर्वेचा असतो, म्हणजे धूर घरात येणार नाही, सरळ पश्चिमेला जाईल. फौजेत ज्याला जागेची निवड म्हणतात ती ही. पश्चिमेला काही नाही, नुसती दीपमालाची बेदाण्याची शेड आहे आणि ती अजून रिकामी आहे.

दीपमाला म्हणजे आमची मंडळी. मी सरहद्दीवर होतो तेव्हा द्राक्षाची बाग हिनंच सांभाळली. छाटणी, फवारणी, रात्रीची मोटर, सगळं. माल मात्र दर वर्षी गावात राहणारा माझा थोरला भाऊ केरबादादा ठरवेल त्या व्यापाऱ्याला जायचा. यंदा हिनं ठाम सांगितलं की द्राक्षं देणार नाही, मी बेदाणा करणार. दादाला ते मुळीच पटलं नाही. दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी दादा म्हणाला की कर एक साल. माल चांगला निघाला तर बागेचं तू बघ, मी तोंड घालणार नाही. बिघडला तर पुढच्या सालापासून बाग ठराविक रकमेला व्यापाऱ्याला खंडून देणार, मग तू स्वयंपाक बघ.

ही म्हणाली, चालंल. एवढंच म्हणाली. मला तिचं कौतुक वाटलं, पण मी बोललो नाही. आधी जीपचं बघू.

पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरून एकदा रेस केली. रुमाल तव्याच्या बुडासारखा झाला.

१९ फेब्रुवारी

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं न जळता बाहेर पडतं. एक तर हवा कमी पडते, नाहीतर डिझेल जास्त पडतं, नाहीतर नोझल फवारा मारायच्या ऐवजी ठिपकते. हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. तिन्ही गोष्टी ओळीनं बघायच्या. गडबड करायची नाही.

पहिली हवा. एअर क्लीनर उतरवला. त्याच्या तळातल्या तेलाचा पार चिखल झाला होता. रॉकेलनं धुतला, जाळी झटकली, नवं तेल खुणेपर्यंत भरलं. सगळी सकाळ गेली. मग चालू करून बघितलं तर धूर जसाच्या तसा. एवढं झालं तरी काम वाया गेलं नाही, एक संशयित सुटला.

पाठ धरली. गॅरेजमध्ये वाकायची सवय सुटली होती, ते आज पाठीनं सांगितलं.

२३ फेब्रुवारी

आज बागेत पहिली तोडणी झाली. पहाटेपासून बाया आल्या. शेडच्या तोंडाशी मोठं टाकं भरलं होतं, त्यात पाणी, पावडर आणि डिपिंगचं तेल. द्राक्षाचे क्रेट त्यात बुडवायचे, निथळायचे आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. एकावर एक असे जाळ्यांचे मजले आहेत. तेलानं सालीवरचा मेणासारखा थर जातो आणि मणी लवकर सुकतो, असं हिनं मला सांगितलं. दीपमाला टाक्यापाशी उभी होती. क्रेट किती वेळ बुडवायचा ते ती मनात काहीतरी पुटपुटत मोजत होती आणि एकाही क्रेटला कमीजास्त होऊ देत नव्हती.

मी जरा शिस्त लावायला गेलो. बायांना दोन रांगा करायला सांगितल्या, रिकाम्या क्रेटची एक बाजू, भरल्या क्रेटची दुसरी. थोड्या वेळात क्रेट नुसते तुंबले आणि एका बाईनं तोंडाला पदर लावला. दीपमालानं मला बाजूला घेतलं आणि गावातून दोरीचं बंडल आणायला पाठवलं. दोरी घरात होती, हे मला बंडल आणल्यावर समजलं.

राग आला. खोटं कशाला लिहू, लय राग आला. माझ्याच बागेत मला दोरी आणायला धाडलं. मी सरळ जीपकडं गेलो. इथं तरी माझ्याशिवाय चालत नाही.

आणि चोर सापडला. इंजिन चालू ठेवून नोझलला जाणाऱ्या नळीचा नट एकेक ढिला करत गेलो. एक नंबर ढिला केला तर इंजिन अडखळलं, धूर तेवढाच. दोन नंबरलाही तेच. तीन नंबर ढिला केला तर इंजिनाला फारसा फरक पडला नाही, पण धूर निम्म्यावर आला. चार नंबर ठीक. म्हणजे तीन नंबरची नोझल ठिपकते. मी एकटाच मोठ्यानं ‘शाब्बास’ म्हणालो. शेडमधल्या बाया वळून बघायला लागल्या, त्यांना वाटलं मी त्यांनाच म्हणालो.

खात्री करायला आणखी तासभर इंजिन चालू ठेवलं. धूर पश्चिमेला परेडसारखा सरळ जात होता. घरात वाससुद्धा आला नाही.

२७ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपासाच्या पोटी तीन नंबरचा इंजेक्टर बाहेर काढला. बाहेरच त्याला नळी जोडली आणि समोर वर्तमानपत्र धरलं. चांगल्या नोझलचा ठसा धुक्यासारखा गोल पडतो. हिचा ठसा नव्हताच, एक ओघळ आणि दोन ठिपके. दीपमालाला बोलावून दाखवलं. तिनं नीट बघितलं आणि विचारलं की फवाऱ्याच्या पंपाची नोझल झिजली की तसंच होतं, तसलंच का हे. मी म्हणालो की तसं नाही, हे पुष्कळ अवघड असतं. नंतर वाटलं की तसंच आहे.

इंजेक्टरखाली तांब्याची वॉशर असते. ती कडक झाली की कॉम्प्रेशन निसटतं. चुलीच्या निखाऱ्यावर लाल करून पाण्यात टाकली की ती मऊ होते. हिनं स्वतःच चिमटा धरला. वॉशर पाण्यात चर्र करून बुडाली तेव्हा ही हसली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून एखादं काम केल्याचं मला आठवत नाही. रजेवर यायचो तेव्हा मी पाहुणाच असायचो.

३ मार्च

सांगलीहून नवी नोझल आणली. दुकानदारानं बसवायला माणूस देऊ का विचारलं. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

बसवली. मग नळ्यांतली हवा काढायचं काम. त्याला दोन माणसं लागतात, एक नटापाशी आणि एक चावीपाशी. दीपमाला शेडमधून मणी हलवून आली होती. तिला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. मी ओरडलो की चावी फिरवायची, मी हात वर केला की थांबायचं. पहिल्याच दमात तिनं बरोबर केलं. इंजिन लागलं. म्हटलं रेस कर. तिनं अंगठ्यानं दाबावं तसं हळू दाबलं. म्हटलं दाब की, घाबरतेस काय. मग तिनं असं दाबलं की लिंबावरचे कावळे उडाले, आणि ती पोरीसारखी हसायला लागली. मीही हसलो.

हसता हसता तिचं लक्ष आरशाकडं गेलं आणि तिनं रेस सोडली. खाली उतरली, जीपच्या मागं जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, “गाडी जरा रस्त्याकडं न्या की. हितं लय वास येतो.”

मी समजावलं. रस्त्यावर सावली नाही, हत्यारं तिकडं न्यायची कुठं, आणि येणारी-जाणारी माणसं उगाच सल्ले देतात. आणि बेदाण्याला रंग यायला तर शेवटी तूच गंधकाची धुरी देणार आहेस, मग धुराचं काय एवढं. तिनं माझ्याकडं बघितलं. पुन्हा काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

धूर कमी झालाय. पण अजून आहे. रुमाल आता तव्याच्या बुडाऐवजी तव्याच्या कडेसारखा होतो. रोज सकाळी तासभर चालवून नोझल बसू देतो, मग बघू.

७ मार्च

शेडमध्ये गडबड झाली आहे. अंगणाच्या बाजूच्या मजल्यांवरचा बेदाणा करडा पडलाय. बाकी तिन्ही बाजूंचा माल हिरवट सोनेरी, बघत राहावा असा. अंगणाच्या बाजूला मात्र मण्यावर धूळ बसल्यासारखी काळी कळा. बोटानं पुसलं तर बोट काळं होतं, आणि मण्यावरच्या तेलात ते मुरल्यामुळं पुसूनही जात नाही.

दीपमाला दिवसभर जेवली नाही. तिला म्हटलं, काळजी करू नको, हा तपास माझ्याकडं दे. तासगाव रोडवरच्या एसटी गाड्यांची धूळ, नदीकडच्या वीटभट्ट्या, आणि तिसरा संशय डिपिंगच्या तेलावर. एकेक बाद करत जायचं. ती म्हणाली, तेल नाही. तेल सगळीकडं एकच होतं.

८ मार्च

तपासाची युक्ती काढली. मलाच तिचं कौतुक वाटलं. जुन्या धोतराचे चार तुकडे केले आणि शेडच्या चारी बाजूंना एकेक ताणून बांधला. जिकडचा तुकडा काळा होईल तिकडून घाण येते. हे समजायला शाळा लागत नाही, डोकं लागतं.

मग नेहमीप्रमाणे जीप तासभर चालवली.

१० मार्च

निकाल आला. उत्तरेचा, दक्षिणेचा, पश्चिमेचा तुकडा मळका, पण धुळीनं. अंगणाच्या बाजूचा तुकडा काळा.

अंगणाच्या बाजूला वीटभट्टी नाही. पण वारा मोकळा वाहत नसतो, आडवं काही आलं की वळतो. माझा अंदाज असा की भट्टीचा धूर घराला वळसा घालून येतो आणि मध्ये जीप उभी असल्यामुळं तिथं घोटाळतो. हे मी दीपमालाला काडीनं जमिनीवर आखून दाखवलं. ती शांतपणे सगळं ऐकत होती. मग तिनं चारही तुकडे सोडले, साबण लावून धुतले आणि जीपच्या बॉनेटवर वाळत घातले. अंगणाच्या बाजूचा तुकडा तिनं पुन्हा पुन्हा घासला. तो काही पांढरा झाला नाही.

आज जीप चालू केली नाही. कपडे वाळत होते म्हणून.

११ मार्च

आज जीप ढकलून रस्त्याच्या कडेला नेली. सावली नाही, पण उजेड चांगला मिळतो, असं मी हिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि मला ढकलायला दोन बाया दिल्या.

हवा तपासली, नोझल तपासली. आता उरलं जास्त डिझेल. पंपाचा पेच पाव पाव फेरा बाहेर घेत गेलो. इंजिनाचा आवाज कानानं ऐकायचा आणि नजर धुरावर ठेवायची. तिसऱ्या पावाला काळा रंग फिका झाला. चौथ्याला नाहीसा. सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती गरम हवा थरथरत होती. पांढरा रुमाल धरून जोरात रेस केली. रुमालावर पुसट वर्तुळ, बस्स.

तो पेच आत कुणी घातला होता हे इथं पुन्हा लिहायची गरज नाही. काम झालं ते महत्त्वाचं. चढाला थोडी कमी ओढेल, ओढू दे.

१४ मार्च

पास. सांगलीत चाचणीवाल्या पोरानं नळी सायलेन्सरमध्ये घातली, यंत्राकडं बघितलं आणि विचारलं की काका, पंप कुठून करून घेतला. मी म्हणालो, घरी. त्यानं मान डोलवली. दाखला खिशात घातला आणि मुद्दाम विश्रामबागेतून आलो. तो हवालदार नव्हता. थोडा वेळ गाडी चालू ठेवून थांबलो, तरी आला नाही.

पेढे आणले. घरी आलो तर गंधकाची धुरी देऊन झाली होती आणि निवडणी चालू होती. दीपमालासमोर दोन राशी होत्या. एक सोनेरी. दुसरी लहान, काळपट. सोनेरी रास अशी की मूठ भरून घ्यावी वाटली. तिचे हात चिकट होते म्हणून मी पेढा तिच्या तोंडात घातला. ती म्हणाली, झालं का तुमचं काम. म्हटलं, झालं. ती म्हणाली, “लय ब्येस झालं बगा.” मनापासून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मी शोधला.

परवा होळी आहे. जेवायला दादा येणार आहे आणि आल्या आल्या माल बघणार आहे.

१६ मार्च

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

दादा आला, पाणी प्यायला आणि सरळ शेडकडं गेला. मी दाखला खिशातच ठेवला होता, जेवताना दाखवायचा म्हणून. दादानं सोनेरी राशीत हात घातला, मणी दाताखाली धरला, मान हलवली. त्याला आवडला हे मला कळलं. मग त्याची नजर काळ्या राशीकडं गेली. तो खाली बसला.

“हे काळं कशानं झालं?” त्यानं दीपमालाला विचारलं.

ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “त्या बाजूचं डिपिंग माझ्या हातनं चुकलं, भावजी.”

मी तिच्याकडं बघतच राहिलो. त्या दिवशी मी तिथं होतो. टाकं एक, तेल एक, आणि एकाही क्रेटला तिनं कमीजास्त होऊ दिलं नव्हतं. गॅरेजमध्ये माझ्या हाताखाली असा एकही माणूस नव्हता. दादा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला की मग ठरल्यापरमानं, पुढच्या साली बाग खंडून देऊ. आवाजात राग नव्हता, उलट जरा वाईटच वाटत होतं त्याला. दीपमाला खाली बघत उभी होती. हाताची बोटं पदरात गुंडाळत होती.

वीटभट्टी माझ्या तोंडावर आली होती. खरंच आली होती. एवढे दिवस ती मी या वहीला सांगितली, हिला सांगितली, आता दादाला सांगायची एवढंच. पण हिनं माझ्यासाठी स्वतःचं नाव पुढं केलं आणि मी भट्टीमागं लपणार, हे मला जमलं नाही.

“दादा, डिपिंग न्हाई चुकलं,” मी म्हणालो. “माझ्या जीपचा धूर हाय त्यो. हितंच उभी करून रोज रेस करत हुतो. ती मला गाडी हलवा म्हनली हुती. मी ऐकलं न्हाई.”

दादा वळला. जीपपाशी गेला, सायलेन्सरमध्ये बोट घातलं, परत आला आणि ते बोट काळ्या राशीतल्या एका मण्याशेजारी धरलं. दोन्ही एकच रंग.  एकवीस वर्षांत साहेबासमोर कधी राहिलो नाही एवढा मी सावधान उभा राहिलो.

“एकवीस वर्सं फौजंत काय शिकलास रं?” दादा म्हणाला.

 दाखला खिशातच राहिला.  पुरणपोळीवर हिनं नेहमीसारखं तूप वाढलं. निघताना दादा म्हणाला, तासगावच्या सौद्याला मी येतो, तिथं काय ते बघू.

दादा गेल्यावर मी हिला विचारलं की कधी कळलं तुला. म्हणाली, आरशातनं बघितलं तवाच. कापड धुतल्यावर खात्री झाली. विचारलं, मग दादाला खोटं का सांगितलंस. ती चूल सारवत होती, हात न थांबवता बोलली.

“तुमी एवढ्या वर्सांनी घरी आलायसा. आल्या आल्या भावजींनी तुमास्नी यडं म्हनावं, ते मला नगं हुतं.”

“आणि बाग?”

तिचा हात थांबला. मग म्हणाली, “बागंचं लय वाईट वाटलं असतं.”

मी परसात जाऊन उभा राहिलो. रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

२२ मार्च

पहाटे जीपला ट्रॉली जोडली आणि सोनेरी माल भरला. काळा माल ठेवला. कोमट पाण्यात धुवून तो घरी खायचा असं हिनं ठरवलंय, आणि त्यातला मोठा वाटा माझा, हेही तिनंच ठरवलंय. वाटेत वासुंब्याच्या चढाला जीप कुरकुरली. मी गिअर खाली घेतला. पेचाला हात लावला नाही.

दादा त्याआधीच गावात चढला होता. थोरला म्हणून तो माझ्या शेजारी बसला आणि दीपमाला मागच्या बाकड्यावर. 

तासगावच्या सौद्यात गर्दी मरणाची. अडत दुकानातल्या दिवाणजीनं आमचा माल बघितला, मूठभर उचलून उजेडात धरला आणि शेजारच्या व्यापाऱ्याला दाखवला. मग दोघं तिघं गोळा झाले. बोली चढत गेली. दीपमाला पदर दातात धरून उभी होती, मला तिच्याकडं बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. शेवटी भाव ठरला तेव्हा तिनं डोळे मिटले. त्या दिवशी आमच्यापेक्षा चढा भाव कुणाला मिळाल्याचं मी ऐकलं नाही. दादानंही ऐकलं नसावं, कारण तो दोनदा विचारून आला.

दिवाणजीनं विक्रीची पट्टी करायला कागद घेतला आणि विचारलं, माल कुणाच्या नावानं. दर वर्षी द्राक्षाच्या पट्टीवर केरबादादाचं नाव असायचं. त्यानं सवयीनं तोंड उघडलं. दिवाणजी मात्र माझ्याकडं बघत होता, कारण मिशा माझ्या, फौजी टोपी माझी, गाडी माझी. आणि सांगतो, क्षणभर मला मोहही झाला.

“माल हिचा हाय,” मी म्हणालो. “दीपमाला जोतीराम लिवा. मी ड्रायव्हर.”

दादानं उघडलेलं तोंड मिटलं. दिवाणजीनं लिहिलं. दीपमालानं सही केली. तिची सही मी आज पहिल्यांदा नीट बघितली, ठसठशीत अक्षर आहे.

परत निघताना जीपपाशी आलो तेव्हा ती नेहमीप्रमाणे मागं चढायला गेली. दादा तिच्या आधी मागं चढून बसला होता. मांडीवर टोपी ठेवून बाहेर बघत होता. ती खालीच थबकली.

“फुडं बस,” दादा तिच्याकडं न बघता म्हणाला. “आनि फुडच्या सालचं डिपिंगचं त्याल दिवाळीतच आनून ठेव. ऐन टायमाला म्हाग हुतं.”

ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिला दार नीट लावता येईना, मी वाकून लावून दिलं. मग तिनं मला सांगितलं की जरा हळू चालवा, घाई काय हाय.